परीक्षकाचा धर्म : बर्फावरील एका फळीच्या निमित्तानें

एखादी वस्तु चांगली आहे असें म्हणणें हें वरवर पाहतां फार सोपें काम आहे. बाजारांत, घरांत, भोजनाच्या पंक्तींत आपण तें दिवसांतून दहा वेळां करतों आणि त्याबद्दल आपणांस कोणी जाब विचारीत नाहीं. परंतु आपला शब्द ऐकून दुसरा मनुष्य जेव्हां पदरचे पैसे खर्च करणार असतो, आणि त्याहूनहि विशेष म्हणजे आपला देह त्या वस्तूच्या स्वाधीन करणार असतो, तेव्हां 'चांगली' या तीन अक्षरांवर केवढा भार पडतो हें ध्यानांत येतें. दुसऱ्यासाठीं वस्तूची पारख करणाऱ्याचें कर्तव्य कोणतें, आणि त्याचा निर्णय खरा केव्हां म्हणावा, हा प्रश्न नीतीचाहि आहे व प्रमाणशास्त्राचाहि आहे. एखाद्या भारदस्त उदाहरणाऐवजीं खेळाच्या साधनावरून त्याचा विचार केला तर तो अधिक स्पष्ट होईल असें वाटतें. तें साधन म्हणजे बर्फावरून घसरण्याची फळी, अर्थात् स्नोबोर्ड.

ज्या वाचकांचे आप्तेष्ट अमेरिकेंत किंवा कॅनडांत स्थायिक झाले आहेत त्यांनीं ही फळी निदान चित्रांत तरी पाहिली असेल. इतरांकरितां तिची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. १९६५ सालच्या नाताळांत मिशिगन संस्थानांतील शर्मन पॉपेन या गृहस्थांनीं आपल्या मुलींना खेळावयास म्हणून दोन स्की एकमेकींस जोडल्या. त्यांतून 'स्नर्फर' नांवाचें खेळणें निघालें. पुढें १९७७ सालीं जेक बर्टन कार्पेंटर यांनीं व्हर्माँट संस्थानांत अशा फळ्या करण्याचा धंदा सुरू केला, आणि १९९८ सालीं जपानांतील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रथम स्थान मिळालें. आजची प्रौढ माणसाची फळी साधारणतः दीड मीटर लांब असते. गाभा लाकडाचा, त्याच्या वरखालीं काचतंतूंचे थर, तळ पॉलिएथिलीनचा आणि सभोंवार पोलादाची धारदार कड, अशी तिची रचना असते. स्वार तिच्यावर आडवा उभा राहतो, दोन्ही पाय बंधनांनीं जखडून घेतो, आणि कधीं टांचेकडील तर कधीं बोटांकडील कड बर्फांत रुतवून वळणें घेत डोंगर उतरतो.

या फळ्यांत अनेक जाती आहेत. त्यांपैकीं 'ऑल-माउंटन फ्रीस्टाइल' ही जात आमच्या विषयास विशेष उपयोगी आहे. कारण तिची प्रतिज्ञा फार मोठी आहे. यंत्रानें दाबलेल्या उतारावर तिनें वेगानें निघावें, झाडींतील भुसभुशीत हिमावर तरंगावें, आणि उड्या व गिरक्या यांसाठीं मुद्दाम रचलेल्या उंचवट्यांवर खेळकरपणें वागावें, अशी तिच्याकडून अपेक्षा असते. परंतु हे गुण एकमेकांशीं नांदत नाहींत. वेगाला ताठ फळी मानवते, कसरतीला लवचिक. खोल हिमांत लांब फळी तरते, गिरकी घेतांना आंखूड बरी. कधीं डावा तर कधीं उजवा पाय पुढें करून उतरणाऱ्या सव्यसाची स्वारास दोन्ही टोकें सारखीं लागतात. पण खोल हिमांत पुढचें टोक मोठें असलेलेंच बरें. म्हणून या जातीची प्रत्येक फळी ही एक तडजोड असते, आणि तडजोडीची किंमत कोठें तरी द्यावीच लागते. ती कोठें दिली गेली हें शोधून सांगणें हें परीक्षकाचें पहिलें काम होय. सर्व गुणांची सरासरी काढून 'दहापैकीं आठ' असें लिहिणारा परीक्षक नेमकी हीच गोष्ट झांकून टाकतो. एक विद्यार्थी गणितांत पहिला व भाषेंत नापास, दुसरा दोहोंत बेताचा. दोघांची सरासरी एकच आली तरी दोघे एक होत नाहींत.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. परीक्षक फळीवर उभा राहून पाहतो तें हें : कड किती घट्ट धरते, वळण सुरू करतांना किती श्रम पडतात, वेग वाढल्यावर फळी थरथरते काय, शेपटाकडे भार टाकून उडी घेतली असतां ती किती उसळी देते, आणि उतरतांना तोल किंचित् चुकल्यास ती सांभाळून घेते कीं शिक्षा करते. हे सारे अनुभवाचे विषय आहेत व अनुभवानेंच कळतात. अडचण इतकीच कीं, त्या अनुभवांत फळीखेरीज आणखी तिघांचा वांटा असतो : बर्फाचा, स्वाराचा आणि तयारीचा.

बर्फ सर्वत्र एकच नसतो. व्हर्माँटमध्यें हिवाळ्यांतहि मधून मधून पाऊस पडतो व तें पाणी रात्रीं गोठून उतार कांचेसारखे कठीण होतात. जपानांतील होक्काइडो बेटावर सैबेरियाकडून येणारे थंड वारे वाटेंतील समुद्रावरून ओलावा उचलतात आणि हलकें, कोरडें हिम टाकतात. कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतावर प्रशांत महासागराकडून येणारें हिम इतकें ओलें व जड असतें कीं लोक त्यास थट्टेनें सिमेंट म्हणतात. आपल्या काश्मिरांत गुलमर्ग येथें २००५ सालीं गंडोलाचा दुसरा टप्पा सुरू झाल्यापासून ३,९०० मीटरांहून अधिक उंचीवर जातां येतें. तेथील माथ्यावरचे उतार यंत्रानें दाबलेले नसतात. होक्काइडोंत आठ दिवस वापरून 'कड उत्तम धरते' असा दाखला दिलेली फळी व्हर्माँटच्या गोठलेल्या उतारावर पहिल्याच वळणाला निसटली, तर दोष कोणाचा?

स्वाराचीहि तीच गोष्ट. 'कॅम्बर' पद्धतीची फळी जमिनीवर ठेवली असतां मध्यें कमानीसारखी उचललेली असते. स्वाराच्या भारानें ती सपाट होते आणि तो भार दोन्ही टोकांपर्यंत पोंचून कड लांबवर धरते. 'रॉकर' पद्धतीची फळी याच्या उलट, टोकांशीं वर वळलेली. ती हिमावर तरंगते, चुका पोटांत घालते, पण कठीण बर्फावर तिची पकड कमी. या जातीच्या पुष्कळ फळ्यांत दोहोंचें मिश्रण असतें. आतां ताठ कॅम्बरची फळी नव्वद किलो वजनाचा कसलेला स्वार लीलेनें वांकवील. पंचावन्न किलोच्या माणसाच्या हातीं तीच फळी लांकडाचा ओंडका ठरेल. दोघांचे अनुभव खरे आणि दोघांचे निर्णय परस्परविरुद्ध! तयारीविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, नुकतीच धार लावलेली कड व नुकतेंच मेण दिलेला तळ यांनीं सामान्य फळीहि चलाख वाटूं लागते. ताठपणाचे जे आंकडे कारखाने छापतात त्यांस सर्वमान्य माप नाहीं. एकाचा पांच हा दुसऱ्याचा सात असूं शकतो.

या सर्वांवरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, फळीचें बरेंवाईटपण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, त्यावर वाद कशाला? हें मत उदार दिसतें; परंतु तें बरोबर नाहीं. सापेक्ष असणें निराळें आणि स्वैर असणें निराळें. जोडा कोणास बसेल हें पायावर अवलंबून असतें. पण तो त्या पायास बसतो कीं चावतो हें कोणाच्या मतावर अवलंबून नसतें. 'ही फळी गोठलेल्या उतारावर हलक्या स्वाराखालीं निसटते' हें विधान खरें असेल तर सर्वांसाठीं खरें आहे, जड स्वारासाठींहि. कारण त्यांत त्याच्याविषयीं कांहीं म्हटलेलेंच नाहीं. निर्णयास त्याच्या अटी जोडल्या कीं तो आवडीच्या क्षेत्रांतून ज्ञानाच्या क्षेत्रांत येतो.

आमच्या नैयायिकांनीं हा मुद्दा फार पूर्वीं ओळखला होता. जेथें धूर तेथें अग्नि हें अनुमान निर्दोष. परंतु जेथें अग्नि तेथें धूर हें सदोष, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धूर निघण्यास ओलें सरपण लागतें. या लपलेल्या अटीस त्यांनीं 'उपाधि' म्हटलें. 'ही फळी कड धरते' या वाक्यांतहि मऊ हिम, भारी स्वार, ताजी धार अशा उपाधि ओल्या सरपणाप्रमाणें दडून बसलेल्या असतात. त्या शोधण्याची रीतहि त्याच शास्त्रांत आहे. ती म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक. एकाच दिवशीं, एकाच उतारावर, एकाच स्वारानें, बंधनें त्याच कोनांत ठेवून फळ्या तेवढ्या बदलाव्या; मग फळी तीच ठेवून निरनिराळ्या वजनाचे स्वार बदलावे; सकाळच्या कठीण बर्फावर पाहिलेलें दुपारच्या पाणावलेल्या बर्फावर पुन्हां पाहावें. जें सर्वत्र टिकेल तें फळीचें. जें बदलेल तें उपाधीचें. हें काम कष्टाचें व कंटाळवाणें आहे, आणि म्हणूनच तें टाळण्याचा मोह फार.

येथून प्रश्न नीतीचा होतो. शब्द प्रमाण कोणाचा मानावा? तर आप्ताचा, आणि वात्स्यायनानें न्यायभाष्यांत आप्ताचें लक्षण सांगितलें आहे कीं, ज्यानें वस्तु साक्षात् जाणली आहे व जशी पाहिली तशी सांगण्याचीच ज्यास इच्छा आहे, तो आप्त. हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे असेंहि तो म्हणतो. म्हणजे आप्तत्व हें कुळावर वा कीर्तीवर अवलंबून नाहीं. तें अनुभव व इच्छा या दोहोंवर उभें आहे. फळी न वापरतां तिच्यावर लिहिणाऱ्याजवळ पहिलें नाहीं. कारखान्यानें फुकट दिलेली, मुद्दाम घासूनपुसून पाठविलेली फळी घेऊन ती गोष्ट न सांगणाऱ्याजवळ दुसरें आहे कीं नाहीं याची शंका येते. तो कदाचित् एकहि खोटें वाक्य लिहीत नसेल. पण खऱ्या वाक्यांनींहि फसवितां येतें. अश्वत्थामा मेला हें धर्मराजाचें वाक्य खोटें नव्हतें. हत्तीचा उल्लेख तेवढा द्रोणाचार्यांस ऐकूं गेला नाहीं. अट पुटपुटून सांगणें हें ती न सांगण्यासारखेंच आहे, आणि त्या पुटपुटण्यानें भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा रथहि खालीं आला.

पण याच्या उलट दिशेचाहि एक दोष आहे, व तो सज्जन परीक्षकांत अधिक आढळतो. अटींचें महत्त्व पटल्यावर कित्येक जण त्यांच्या आड लपतात. 'ज्यांस अशी फळी आवडते त्यांस ही आवडेल' असें लिहून ते मोकळे होतात. या वाक्यास कोणी खोडून काढूं शकत नाहीं, कारण त्यांत कांहीं सांगितलेलेंच नाहीं. अटी सांगावयाच्या त्या निर्णय नेमका करण्यासाठीं, निर्णय टाळण्यासाठीं नव्हे. बर्फ, स्वार आणि तयारी यांचा हिशेब चुकता केल्यावरहि जी फळी वेगांत थरथरते व जिच्या कडा लौकर उखडतात, तिला वाईट म्हणण्याचें धैर्य परीक्षकांत असलेंच पाहिजे. तें म्हटल्यानें पुढील वर्षीं त्याच्याकडे फळ्या येणार नसतील, तर त्याच्या मताची किंमत तेथेंच ठरते.

हें सारें एका करमणुकीच्या साधनासाठीं फार झालें असें कोणास वाटेल. परंतु त्या उतारावर नवशिक्याची काय अवस्था होते हें ध्यानांत आणावें. ताठ, तीक्ष्ण कडेच्या फळीवर भार क्षणभर चुकीच्या बाजूस गेला कीं उताराकडील कड अकस्मात् बर्फांत अडकते आणि स्वार सावध होण्यापूर्वींच आदळतो. पडतांना हात पुढें येतो. म्हणून या खेळांत मनगटाच्या दुखापती फार होतात, आणि टांचेकडील कड अडकली तर डोक्याचा मागचा भाग आपटतो. ज्यानें ती फळी कुशल स्वारासाठीं उत्तम म्हणून वर्णिली आणि 'कुशल' हा शब्द गाळला, त्याचा त्या पडण्यांत वांटा नाहीं काय? तो गाळलेला शब्द दुसऱ्याच्या हाडांनीं भरून काढावा लागतो. वाचकाचेंहि थोडें कर्तव्य आहे : निर्णय वाचण्यापूर्वीं निर्णय देणारा कोण, किती वजनाचा, कोणत्या डोंगरावर, कोणाच्या फळीवर उभा होता हें विचारावें; आणि हें जेथें लिहिलेलें नाहीं तेथें स्तुति कितीहि गोड असली तरी पान उलटून पुढें जावें.