उरेल तेव्हा

शेतकऱ्यानं हौस करावी का? आमच्याकडं ह्याचं उत्तर पिढ्यान्पिढ्या ठरलेलं आहे. करावी, उरेल तेव्हा. आणि शेतीत उरतं कधी, हे ज्यानं शेती केली त्यालाच ठाऊक.

मी बार्शी तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. काळी जमीन, ज्वारी, तूर, सोयाबीन, नि दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली अशी विहीर. गेल्या चार वर्षांत मी घरात एकेक वस्तू आणत गेलो. आधी जुना अँप्लिफायर, त्याच पैशात स्पीकरची छोटी जोडी, आणि पुढं तबकड्या वाजवायचं मशीन, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. साठी ओलांडल्यावर घरातला हा पहिला स्टिरिओ. गावात लगेच चर्चा झाली. पारावर एका आण्णांनी तोंडावरच विचारलं, "तात्या, सोसायटीचं कर्ज फिटलं का रं? मग ह्या डब्ब्यांचा उपेग काय?"

प्रश्न झोंबला, पण खोटा नव्हता. म्हणून मी त्याच्यावर बराच विचार केला. तोच इथं मांडतो.

पहिली गोष्ट ही की गाव सगळ्याच खर्चाला उपयोग विचारत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीत एक लग्न झालं. डीजे आणला, एका रात्रीचे चाळीस हजार मोजले, भांड्याला भांडी लागत होती, म्हातारी माणसं कानात बोळे घालून बसली. उपयोग कुणी विचारला नाही. विहीर नसलेल्या रानात दारापुढं ट्रॅक्टर उभा राहतो, त्यालाही कुणी विचारत नाही. कारण तो खर्च लोकांच्या डोळ्यांसाठी असतो. त्याला आपण इभ्रत म्हणतो. माणूस स्वतःच्या कानांसाठी खर्च करायला लागला की ते थेर होतात. दाखवायला केलेलं चालतं, भोगायला केलेलं चालत नाही, असा हा उलटा हिशोब आहे.

दुसरी गोष्ट माझ्या आईची. जात्यावर बसली की तिच्या ओव्या संपायच्या नाहीत. तिला रेडिओची फार आवड. विविध भारती सुरू झाली १९५७ साली, माझ्या जन्माच्या आधी. पण आमच्या घरात रेडिओ आला तेव्हा मी दहावी होऊन औताला लागलो होतो. तोवर आई शेजारच्या वाड्याच्या भिंतीला टेकून, तांदूळ निवडायचं निमित्त करून ऐकायची. दरवर्षी म्हणायची, औंदा नाही, पुढल्या साली उरलं तर घेऊ. एक साल बैल मेला, एक साल बहिणीचं लग्न, मग १९७२ चा दुष्काळ. तिची कुठलीच अडचण खोटी नव्हती. म्हणूनच ती कधी संपली नाही. अडचण खोटी असती तर केव्हातरी उघडी पडली असती. खरी अडचण जन्मभर पुरते.

आता सगळं एकाच डब्यात येणारं मशीन न घेता सुटं सुटं का घेतलं, हे सांगतो. ते शेतकऱ्याच्या कमाईला धरून आहे. आमचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही, सुगीला येतो. तुरीला एक वस्तू, ज्वारीला एक वस्तू, असं जमतं. दुसरं म्हणजे, सुट्या सामानात प्रत्येकाचं काम वेगळं. नांगराचं काम पाभरीनं होत नाही नि पाभरीचं कुळवानं होत नाही. एक मोडलं तर तेवढंच सुताराकडं न्यायचं. तसंच इथं. प्लेअर गाणं काढून देतो, अँप्लिफायर त्याला बळ देतो, स्पीकर ते हवेत सोडतो. उद्या एखादा बिघडला तर बाकीचे बसून राहतात, फेकावे लागत नाहीत.

नवीन घेणाऱ्यानं सुरुवातीला प्लेअर नाही घेतला तरी चालतं. आमच्याकडं पोरांचा जुना डीव्हीडी प्लेअर धूळ खात होता. दोन पिनांची वायर लावली नि तो सीडी वाजवू लागला. पंडित भीमसेन जोशींचे अभंग मी पहिले दीड वर्ष त्याच्यावरच ऐकले. पैशाची वाटणी करताना स्पीकरला जास्त द्यावेत, कारण आवाजातला मोठा फरक तिथं पडतो. त्याहून मोठा फरक फुकटात पडतो. दोन स्पीकर नि ऐकणारा असा तिकोन सारख्या अंतराचा करावा, स्पीकर कानाच्या उंचीला घ्यावेत, भिंतीला चिकटवू नयेत. चिकटवले तर खर्जाचा आवाज उगाच फुगतो. लाल वायर लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलटी लागली तर खर्ज गायब होतो नि गाणारा कुठं उभा आहे तेच कळत नाही. आमच्या पत्र्याच्या खोलीत आवाज घुमायचा. घरच्यांनी मागच्या भिंतीवर जुनी वाकळ टांगली. घुमणं निम्म्यावर आलं.

तबकडीचं थोडं वेगळं असतं. तिच्यावरची सुई जेमतेम दोन ग्रॅमच्या भारानं फिरते, आणि तिच्यातून निघणारी वीज काही मिलिव्होल्ट. सीडीच्या मशीनमधून दोन व्होल्टच्या आसपास येते, म्हणजे शेकडो पट. म्हणून तबकडीच्या मशीनला फोनो नावाची वेगळी सोय लागते. जुन्या अँप्लिफायरला मागं ते भोक असतं, नसेल तर वेगळी डबी मिळते. ती नुसता आवाज वाढवत नाही. तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी नि बारीक आवाज मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, ते सारं ही डबी परत जागेवर आणते.

आणि एक कळलं तेव्हा मला बरं वाटलं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत लाख असायची. लाखेचा किडा पळसावर, बोरीवर, कुसुंबावर वाढतो, आणि ही लाख मोठ्या प्रमाणात आपल्या देशातून जगभर जायची. १९४८ साली प्लॅस्टिकच्या, ३३ फेऱ्यांच्या लांब तबकड्या निघाल्या, मग लाख मागं पडली. म्हणजे गाणं छापायला माल रानातल्या माणसानं काढून दिला. त्याच माणसानं गाणं विकत घेतलं तर ते थेर कसे?

पण हौसेची हाव कधी होते, तेही बघितलं पाहिजे. शहरातल्या एका दुकानात मला स्पीकरची वायर दाखवली, किंमत स्पीकरएवढी. मी म्हटलं, नको दादा, दहा-पंधरा फुटाला दीड एमएमची साधी तांब्याची वायर बास झाली. वॅटचंही तसंच. लोक विचारतात, किती वॅटचा? वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, कानाला जेमतेम कळेल इतका. घरात शांतपणे ऐकायला एक-दोन वॅटही पुष्कळ होतात. बाकीचे वॅट तानेच्या झटक्याला नि दुकानदाराच्या बोलण्याला. गरजेला तळ असतो, म्हणून ती कुठं संपते ते दिसतं. हौसेला तळ नसतो, तो आपण घालायचा असतो. "पुरे" हा शब्द ज्याला म्हणता येतो त्यानंच हौस करावी.

आता खरी अवघड गोष्ट. दुसऱ्या वर्षी मी रेकॉर्ड प्लेअरसाठी अकरा हजार बाजूला ठेवले होते. मृगात पेरलं, पावसानं पंचवीस दिवस दडी मारली, आणि दुबार पेरणी आली. माझी निम्मी पट्टी वाचली. भावकीतला एक जण संध्याकाळी ओसरीत येऊन बसला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, नि शेवटी म्हणाला, "तात्या, बियाचं बघता का काई?"

मी पैसे दिले. ह्यात कौतुक काही नाही, माझ्या जागी कुणीही दिले असते. पण देताना मनात जे आलं ते सांगतो. हे म्हणजे आईचंच पुन्हा झालं. कुणाची ना कुणाची निकड दरवर्षी असणारच. मग माझी पाळी कधी? उलट बाजूनं बघावं, तर शेजाऱ्याचं रान मोकळं असताना मला गाणं गोड लागेल का? दोन्ही खरं वाटत होतं.

बऱ्याच दिवसांनी मला उत्तर सापडलं, ते शेतीतलंच. बियाणाला वापसा लागतो. तो चार दिवस असतो, गेला की गेला. तबकडीला वापसा नसतो. ती सहा महिन्यांनीही तशीच वाजते. ज्याची वेळ निघून जाते त्याला आधी द्यायचं. ज्याला थांबता येतं त्यानं थांबायचं. पण थांबायचं ते तारीख ठरवून. आई तारीख न ठरवता थांबली, तिथं ती नाडली गेली. "उरेल तेव्हा" ही तारीख नव्हे. त्याचा अर्थ "कधीच नाही" असाच होतो, फक्त तो गोड बोलून सांगितलेला असतो. मी वहीत लिहिलं, पुढल्या तुरीला प्लेअर. भावकीतल्यानं माघात पैसे आणून दिले, नि त्याच्या पुढल्या वर्षी तूर विकून मशीन आलं.

आण्णांना मी हेच सांगितलं. कर्ज आहे, त्याचा हप्ता चालू आहे. वहीत देण्याचं पान आहे, बियाण्याचं आहे, दवाखान्याचं आहे. त्यांच्यामागं एक पान हौसेचं आहे. ते शेवटचं आहे, पण आहे. हे पान वहीतून फाडलं तर माणूस नुसता कर्ज फेडायला जन्माला आला असं होतं. तेवढ्यासाठी आपण बैल पाळतो, माणूस नाही. आण्णा म्हणाले, "बोलायला बरं हाय." पटलं का, ते सांगितलं नाही.

आणखी एक बंधन मी घालून घेतलं आहे. पाणी बांध फोडून दुसऱ्याच्या रानात गेलं तर भांडण होतं. आवाजाला तर बांधच नसतो. माझी हौस शेजाऱ्याच्या कानात त्याला न विचारता गेली तर माझ्यात नि डीजेत फरक कसला? शेजारची वहिनी आजारी असते. तिच्या भिंतीकडची खिडकी बंद, रात्री नऊनंतर मशीन बंद. ज्याला ऐकायचंय त्याला दार उघडं आहे. एकादशीला चार-सहा जण येऊन बसतात. भावकीतला तोही येतो, कोपऱ्यात बसतो, बोलत काही नाही.

तबकडी पहिल्यांदा लागली त्या दिवशी घरच्यांनी वही मागून घेतली. चष्मा लावून हौसेचं पान वाचलं नि विचारलं, "हे पान तुमच्या एकट्याचं हाय का घराचं?" मी म्हटलं, घराचं. त्यांनी पेन घेतलं आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं, ओसरीत सागवानी झोपाळा. पुढं तारीखही त्यांनीच टाकली. येती ज्वारी.