प्रश्न कोणी ठरवायचा?

लैंगिक आरोग्याचे शिक्षण म्हणजे जाणत्याने अजाणत्याला माहिती देणे, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा वारसा सन्मानाचा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या शंकांना ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत. धर्म, कायदा आणि शिष्ट समाज विरोधात उभे असताना अज्ञानाला शत्रू मानून लढण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, असेच मला वाटते. मात्र मासिकाला प्रश्न पाठवायचा तर लिहिता-वाचता यायला हवे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या शंका त्या पानांपर्यंत पोहोचणे अवघड होते. त्यांना काय ठाऊक नाही, हे दुसरेच कोणीतरी ठरवत राहिले.

या समजुतीला पहिला मोठा हादरा गडचिरोलीतून बसला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. सरकारी योजनांच्या लेखी खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटातली कळ हे सारे बाईच्या जन्माला आल्याबद्दल सोसायचे. आकडे दवाखान्यात येणाऱ्यांचे असत, त्यामुळे न येणाऱ्यांचे दुखणे कागदावर उमटतच नसे. गडचिरोलीने मोजणी गावात नेली. अभ्यासाची रचना वैद्यकशास्त्राची होती, आणि रोगनिदानासाठी ती तशीच हवी. पण कोणाला विचारले यावर उत्तर किती बदलते, हे त्यानंतर कोणाला नाकारता येईनासे झाले.

विचाराचे पुढचे पाऊल कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत पडले. ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेचे डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये तिथे गुप्तरोग आणि एचआयव्ही रोखण्याचे काम सुरू केले. दवाखाना उघडला, निरोध वाटले आणि वस्तीतल्याच बायकांना शिक्षिका म्हणून तयार केले. या शिक्षिका घरोघर फिरू लागल्या तशी अडचण वेगळीच निघाली. निरोध का वापरायचा हे बाईला समजावणे फारसे कठीण नव्हते. पण तिने आग्रह धरला की गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाई, आणि खोलीचे भाडे व सावकाराचे व्याज थकलेले असताना तिला ते परवडत नसे. संसर्गाची वाट कर्जातून जात होती. मग १९९५ मध्ये या बायकांची दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली आणि ‘उषा’ ही त्यांची सहकारी पतसंस्था निघाली. नोंदणीच्या वेळी सदस्यांच्या नैतिक चारित्र्याची अट आडवी आली. गृहिणी म्हणून नाव नोंदवण्याची पळवाट त्यांनी नाकारली आणि अटच बदलून घेतली. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेचे काम १९९२ लाच सुरू झाले होते. त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, तीही संघटित झाल्यावाचून नकार देता येत नाही याच अनुभवातून. आरोग्य खात्याच्या प्रश्नावलीत सावकाराचा रकाना कधीच आला नसता. म्हणूनच संशोधनातला सहभाग मला उपेक्षितांना दाखवलेले सौजन्य वाटत नाही. त्याशिवाय प्रश्नच चुकीचा मांडला जातो.

ज्यांचे हित गुंतले आहे त्यांनीच संशोधन केले तर ते निःपक्षपाती कसे राहील, हा आक्षेप योग्य आहे. पण हितसंबंध बाहेरच्यांचेही असतात. एड्सच्या सुरुवातीच्या काळात ‘सर्वसामान्य’ जनतेला वाचवणे हे उद्दिष्ट होते, म्हणून या बायकांकडे रोग पसरवणाऱ्या म्हणून पाहिले गेले आणि त्यांना तो कोणाकडून होतो हे मागे पडले. शिवाय पोलिसांच्या धाकात जगणारी बाई वही घेऊन आलेल्या परक्याला त्याला हवे तेच सांगणार. तेव्हा विश्वासाचा संबंध थेट माहितीच्या खरेपणाशी आहे. राहिली परिणामांची गोष्ट. सोनागाछीचे यश योगायोग असेल म्हणून हीच पद्धत उत्तर बंगालमध्ये पडताळली गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन ठिकाणच्या २०० बायका होत्या. जिथे ही पद्धत राबवली तिथे निरोधचा वापर ३९ टक्क्यांनी वाढला, तर दुसरीकडे ११ टक्क्यांनी. दोन वस्त्यांची तुलना हा अखेरचा पुरावा नव्हे, पण सहभागाला मोजमापाचे वावडे आहे हा समज त्याने खोटा पडतो.

याहून जड आक्षेप ‘समुदाय’ कोणाला म्हणायचे हा आहे. बैठकीत कुंटणखान्याची मालकीणही बसते, बोलक्या बायका बोलतात, आणि फसवून आणलेली अल्पवयीन मुलगी खोलीतच राहते. दुर्बारने यावर स्वनियमन मंडळे नेमली. नव्याने आलेल्या मुलीचे वय आणि मर्जी ही मंडळे तपासतात आणि त्यांत वस्तीबाहेरचे लोकही असतात. ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी वस्तीबाहेरची नजर लागतेच, हे मान्य करूनच ही व्यवस्था उभी आहे, आणि ती मला सहभागाची कमतरता वाटत नाही. मला काळजी वेगळीच वाटते. वस्तीतल्या बायकांनी घडवलेली ही पद्धत पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने देशभर स्वीकारली. ती पसरली हे चांगलेच झाले. पण तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या शिक्षिकेने किती निरोध वाटले आणि किती जणींना तपासणीला आणले याचे रकाने भरायचे, आणि ते रकाने वरून आखून यायचे, असे झाले की तिच्या हाती पुन्हा दुसऱ्याचाच प्रश्न येतो. कर्ज, भाडे, पोलिसांचा हप्ता यांसाठी त्या तक्त्यात जागा नसेल, तर तिला जे दिसते ते लिहायला तिने कुठे जावे?