आधी कड, मग चुण्या

उत्तर चीनमध्ये जुन्या वर्षाच्या शेवटच्या रात्री घरोघरी जिआओझी होतात. गव्हाच्या पिठाची पातळ पारी, आत डुकराच्या मांसाचा खिमा, चिनी कोबी, आलं आणि कांद्याची पात. आकार जुन्या काळच्या सोन्याचांदीच्या लगडीसारखा. त्या खाल्ल्या की नवं वर्ष भरभराटीचं जातं, अशी श्रद्धा.

शानदोंग प्रांतातल्या एका खेड्यात अशाच रात्री नऊ वर्षांची एक नात म्हणाली, "आजी, या वर्षी मी करणार."

"कर की," आजी म्हणाली.

आजीने पीठ मळून झाकून ठेवलं होतं. कोबीला मीठ लावून तो पिळायचं काम तिने नातीवर सोपवलं. मग पाऱ्या लाटायला बसली, मध्ये जाडसर आणि कडेला पातळ. नातीचं लक्ष मात्र चुण्यांकडे. शेजारच्या काकूंच्या जिआओझीला मोदकासारख्या कळ्या असत, तिला तशाच हव्या होत्या. जिआओझी गुबगुबीत दिसावी म्हणून तिने सारण चमचा भरभरून घातलं. ते कडेपर्यंत आलं, कडेला तेल लागलं. तरी एकेक चुणी तिने मन लावून घातली. पाच वर्षांचा धाकटा भाऊ शेजारी बसून थोडंसंच सारण भरायचा, पारी दुमडायचा आणि दोन्ही हातांनी दाबून टाकायचा.

"किती चपट्या रे तुझ्या!" ताई हसली.

आजीला सगळं दिसत होतं, पण ती बोलली नाही. मला हे फार पटतं. तेव्हा सांगितलं असतं, तर नात 'हो' म्हणाली असती आणि लगेच विसरली असती.

ज्वारीच्या धाटांच्या गोल तबकावर मांडलेल्या जिआओझी उकळत्या पाण्यात पडल्या. त्या तळाला चिकटू नयेत म्हणून आजीने डाव उलटा धरून हलकेच फिरवला. पाणी उसळलं की ती वाटीभर गार पाणी घालायची. असं तीनदा केलं. भावाच्या चपट्या जिआओझी अखंड वर आल्या. ताईच्या बहुतेक उघडल्या, सारण पाण्यात तरंगू लागलं.

नातीचे डोळे भरले. आजीने तिला जवळ घेतलं. "चुण्या सुरेख होत्या, बाळ. पण तेल लागलेल्या कडा एकमेकींना धरत नाहीत. आधी जिआओझीचं तोंड मिटव, मग हवा तेवढा शृंगार कर. पीठ अजून उरलंय."

दुसऱ्या खेपेला नातीने सारण कमी घेतलं, कड बोटाने पुसली, दाबून बंद केली आणि मगच वर तीन चुण्या घातल्या. एकही फुटली नाही.

त्या भागात जिआओझी खाऊन झाल्यावर त्या उकडलेलं पाणीही पितात. त्या रात्रीच्या पाण्यात पहिल्या खेपेचं सारण उतरलं होतं. घरच्यांनी ते पातेल्याचा तळ दिसेपर्यंत प्यायलं, आणि आजीने दोनदा मागून घेतलं.