सोने आणि जाते

जागतिक अर्थसत्तेचा तराजू पश्चिमेकडून पूर्वेकडे कलतो आहे, असे आज सर्वत्र बोलले जाते. त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सत्तेने घर बदलले म्हणून न्यायही तिच्यामागोमाग येतो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

१९९१ साली भारताची परकीय गंगाजळी आटली. जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते चलन उरले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपान यांच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण ठेवले. घरातले सोने गहाण पडणे म्हणजे काय, हे आपल्या माउल्यांना वेगळे सांगावयास नको. ती मानहानी साऱ्या देशाने सोसली.

त्यानंतर चित्र पालटले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत २०१६ साली अंमलात आलेल्या सुधारणेने चीन व भारत यांचा वाटा वाढला. तरीही मोठ्या निर्णयांना तेथे ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेपाशी १६ टक्क्यांहून अधिक आहेत. म्हणजे तिच्या नकारापुढे आजही काही चालत नाही. मात्र धनकोंच्या पंक्तीत नवे मानकरी आले, हे निश्चित. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली. त्या वर्षी भारताने तिला सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य दिले आणि २०२३ मध्ये धनको राष्ट्रांच्या समितीचे सहअध्यक्षपद जपान व फ्रान्स यांच्यासोबत भूषविले. कालचा ऋणको आज धनकोच्या आसनावर बसला.

येथेच आपली कसोटी आहे. मोशेच्या नियमशास्त्राने कर्ज देण्यास वा गहाण घेण्यास सरसकट बंदी केली नाही; पण कर्जदाराचे जाते गहाण घेऊ नये, अशी मर्यादा घातली. सोन्यावाचून घर चालते, दळणावाचून चालत नाही. राष्ट्राचे जाते म्हणजे त्याची औषधे, त्याचे अन्न, त्याच्या शाळा. त्याच २०२२ साली श्रीलंकेत औषधांचा तुटवडा पडला आणि कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातील शालेय परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मुलांनी कोणत्याही करारावर सही केलेली नव्हती.

कोणी म्हणेल, अशी सवलत म्हणजे बेजबाबदार राज्यकर्त्यांना उत्तेजनच. आक्षेप पोकळ नाही. २०१९ मध्ये तेथील सरकारने मोठी करकपात करून तिजोरीला खिंडार पाडले होते. शिवाय धनकोचा पैसाही कोणाच्या तरी घामाचाच असतो. म्हणून वसुली अन्याय्य ठरत नाही. अन्याय्य ठरते ती वसुली, जी राज्यकर्त्यांचा दोष लेकरांच्या ताटातून भरून काढते.

आपले सोने गहाण पडले होते, पुढे ते सोडवून घेता आले. ज्याने ती लाज अनुभवली, त्याने दुसऱ्याच्या उंबरठ्यावर वसुलीसाठी उभे राहताना आधी त्याच्या जात्याकडे पाहावे. एवढे आपल्याकडून घडले नाही, तर तराजू कलला खरा, पण मापे तीच राहिली, असेच म्हणावे लागेल.