लेखकाचा हेतू : दोन गुण

आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जावर 'कर्जाचे प्रयोजन' असा एक रकाना असतो. वीस वर्षे मी तो वाचतो आहे. अर्जदार त्यात 'घरदुरुस्ती' असे लिहितो आणि पुढच्या महिन्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन काउंटरवर हजर होतो! लिहिलेले आणि मनातले यांत अंतर असते, हे बी.कॉम.च्या पुस्तकात नव्हते. पण नोकरीने शिकवले.

त्यामुळे परवा आमची नववीतली कन्या जेव्हा 'उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना व लेखकाचा हेतू सांगा' हा प्रश्न घेऊन आली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या. उतारा होता मराठीच्या बदलत्या रूपावर.

"बाबा, दोन्ही एकच ना?"

"छे! कल्पना म्हणजे काय म्हटलंय ते. हेतू म्हणजे कशासाठी म्हटलंय ते."

मग मी उदाहरणेच काढली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली, तीच मुळी मराठीच्या स्थितीवर निबंध लिहून. माधव जूलियनांनी १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. तिघांची कल्पना ढोबळमानाने एकच : आपली भाषा आपण सांभाळावी. पण हेतू? एकाला नवे राज्य उभे करायचे होते. दुसऱ्याला इंग्रजी शिकून मायबोलीला नाक मुरडणाऱ्यांना जागे करायचे होते.

"आणि तिसऱ्यांना फारसी येत नसेल!" कन्या म्हणाली.

"फारसीचे प्राध्यापक होते ते! १९२५ साली फारसी-मराठी कोश केला होता त्यांनी. हेतू असा घाईघाईने दुसऱ्याच्या माथी मारू नये."

"बरं. मग तुमच्या पत्राचं सांगू?"

गेल्या महिन्यात मी एका दैनिकाला खरमरीत पत्र पाठवले होते. 'मला मदत कर' सोडून 'माझी मदत कर' म्हणणाऱ्या पिढीचा त्यात यथेच्छ समाचार होता. सुरुवात होती, 'माझी तक्रार अशी की...'. 'तक्रार' हा शब्द अरबीतून आलेला आहे, हे छापून आल्यावर ध्यानात आले. तशी कर्ज, जमा, बाकी, वसुली ही मंडळीही तिकडचीच. त्यांना घालवले तर आमच्या शाखेला टाळेच लावावे लागेल.

"मध्यवर्ती कल्पना : मराठी बिघडली," कन्या बोटे मोडीत म्हणाली. "आणि हेतू... रागावणार नाही ना? आम्ही आपसांत काय बोलतो ते तुम्हांला हल्ली कळत नाही. म्हणून लिहिलंत."

मी चष्मा पुसू लागलो. तो स्वच्छच होता.

मला अण्णा आठवले. मी वसतिगृहात असताना दर पंधरवड्याला त्यांचे पत्र यायचे. 'नांव', 'गांव', 'कांहीं'. सगळीकडे अनुस्वार पेरलेले. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले, पण अण्णांचा हात काही बदलला नव्हता. एकदा मी शहाणपणाने त्यांना कळवले, की हे अनुस्वार आता चुकीचे धरतात. पुढच्या पत्रात एकही अनुस्वार नव्हता. मजकूरही निम्माच होता.

मुलगा वेळेवर जेवतो का, एवढेच त्या पत्रांतून त्यांना विचारायचे असे. मी तेवढे सोडून बाकी सगळे तपासले.

"बाबा, मग उत्तरात काय लिहू?"

"कल्पना उताऱ्यातच सापडेल, ती ठामपणे लिही. हेतूच्या आधी मात्र 'असे वाटते' घाल. माणसाचा हेतू कधीकधी त्याचा त्यालाही ठाऊक नसतो."

तिने लिहिले. दोनपैकी दीड गुण मिळाला. अर्धा बहुधा 'असे वाटते'चा गेला.

काल रात्री जेवणे झाल्यावर तिने हाक मारली, "बाबा, गणित अडलंय. माझी मदत करा ना!"

दुरुस्ती अगदी जिभेच्या टोकावर आली होती. ती गिळली, खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो. वाक्य चुकले होते. हेतू कळला होता.