मोठा मासा, लहान मासा

मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे पर्यटक तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे पाहतात. भुकेला मोठा मासा लहानांच्या थव्यावर तुटून पडतो, तेही कौतुकाने पाहावे काय? पाहावे. तो पोटापुरते खातो. स्तोत्र १०४ प्रमाणे सिंहाचे छावेदेखील देवाकडेच अन्न मागतात.

परंतु माणसेही माशांसारखी गिळली जातात, अशी तक्रार हबक्कूक संदेष्टा पहिल्याच अध्यायात करतो. आपण त्याला मत्स्यन्याय म्हणतो. सिल्लोडमध्ये एखादे कुटुंब सावकारी व्याजात बुडत असताना आपण काठावरून पाहत राहिलो, तर आपणही दोषी ठरतो. माशाला विवेक नाही. आपल्याला देवाने तो दिला आहे. या आठवड्यात अशा एका घरी आपण जाऊ या.