वारा देवाचा, निगा आपली

शास्त्रपाठ : २ राजे १२:४-१५, योहान ३:१-८



मृग लागला की आपल्या बेळगाव-निपाणी भागात नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो. तवंदी घाटात छत्री टिकत नाही, आणि श्रावण सरेपर्यंत या वाऱ्याला उसंत नसते. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांत काही घरांवर आणि शाळांवर लहान पवनचक्क्या उभारण्यात आल्या. वाऱ्याने पाती फिरावी, बॅटरी भरावी आणि वीज गेली तरी घरात दिवा लागावा, हा हेतू. पुढे सौर पट्ट्या स्वस्त झाल्या आणि चक्कीकडे पाहणारा कोणी उरला नाही. वारा पूर्वीइतकाच वाहतो, पण घरात अंधार असतो. या गोष्टीतून देव आपल्याला काय शिकवतो, याचा आज आपण विचार करू.

वाऱ्यावर वीज निर्माण करून घरात दिवा लावण्याचे काम १८८७ साली स्कॉटलंडमधील जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनी केले. मेरीकर्क गावी त्यांनी कापडी शिडांची चक्की उभारली. उरलेल्या विजेवर गावचा रस्ता उजळून देण्याची त्यांची तयारी होती, पण ही सैतानाची करणी आहे असे म्हणून गावकऱ्यांनी ती नाकारली, असे सांगतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलँड येथे चार्ल्स ब्रश यांनी १४४ पात्यांची प्रचंड चक्की घरामागे उभारली. ती सुमारे २० वर्षे चालली. एवढी वर्षे ती आपोआप चालली नाही. तिची निगा राखणारे हात होते.

निगा राखणे हे दुय्यम काम आहे, असे आपल्याला वाटते. नवे मंदिर बांधायला वर्गणी मिळते; जुन्याचे कौल बदलायला मिळत नाही. योवाश राजाच्या काळी हेच झाले. त्याने मंदिराची मोडतोड दुरुस्त करण्याची आज्ञा दिली, परंतु त्याच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी याजकांनी काही केले नव्हते. ते मंदिराचे शत्रू नव्हते. रोज त्याच भिंतींमध्ये सेवा करीत होते, आणि रोज पाहिलेली भेग डोळ्यांना दिसेनाशी होते. शेवटी यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पैसे सुतारांच्या व गवंड्यांच्या हाती गेले. ही माणसे इतकी प्रामाणिक होती की त्यांच्याकडे हिशेब मागावा लागला नाही. त्यांची नावे शास्त्रात नाहीत. त्यांचा विश्वासूपणा मात्र लिहून ठेवला आहे.

आता चक्कीकडे वळू. तिच्या निगेतून चार गोष्टी आपल्या ध्यानात याव्यात.

पहिली गोष्ट पात्यांची. धूळ आणि पाऊस यांनी पात्याची कड झिजते. एक पाते हलके झाले की तोल जातो, सारे यंत्र थरथरू लागते आणि ती थरथर बेअरिंग खाऊन टाकते. मंडळीतही एका माणसाचे मन दुखावले, कोणी विचारपूस केली नाही, तर त्याचा हादरा सर्वांना बसतो.

दुसरी गोष्ट तणाव्यांची. खांबाला चहूबाजूंनी तारांचे तणावे असतात. एक फार ताणला आणि दुसरा सैल राहिला तर खांब वाकतो. बरेच काम मोजक्याच माणसांवर टाकून बाकीच्यांनी सैल राहावे, ही रीत खांबाला मानवत नाही, मंडळीलाही मानवत नाही.

तिसरी गोष्ट बॅटरीची. वापरल्याने बॅटरी झिजते हे खरे, पण रिकामी करून तशीच ठेवली तर ती फार लवकर मरते. पाणी आटले आहे का, हे पाहून शुद्ध पाणी घालावे लागते. आपल्या वस्त्यांवरील कितीतरी वृद्ध जण, ज्यांची मुले पुण्याला किंवा बंगळूरला आहेत, असेच दुर्लक्षित पडले आहेत. त्यांच्याकडून प्रार्थना घ्या, त्यांच्याकडे बसा, त्यांना बोलते करा.

चौथी गोष्ट ओझ्याची, आणि ही ऐकून नवल वाटेल. जोराच्या वाऱ्यात चक्कीवरचा विजेचा भार काढून टाकला तर तिला विश्रांती मिळत नाही. ती बेफाम फिरते आणि मोडते. म्हणून बॅटरी भरली की जादा वीज दुसऱ्या कामाला लावण्याची सोय करावी लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती आठपट होते. आपल्या तरुणांमध्ये असाच जोर आहे. त्यांना काम न देता, अजून लहान आहेत म्हणून बाजूला ठेवू नका. शब्बाथशाळेचा एखादा वर्ग त्यांच्या हाती द्या.

एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. खांब गंजून पोखरला असेल आणि खाली लेकरे खेळत असतील, तर वडिलांची आठवण म्हणून तो उभा ठेवणे हे प्रेम नव्हे. तो जाणत्या माणसांच्या मदतीने उतरवावा. फिरत्या चक्कीवर कोणी एकट्याने चढू नये. आपल्या मंडळीतील काही जुन्या चालीरीतींचेही असेच आहे. ज्यांनी त्या उभ्या केल्या त्यांचा आदर राखून, त्या खाली घ्याव्या लागतात. नवा खांब उभा करायची जागा तीच राहते.

निकदेम रात्री येशूकडे आला, तेव्हा प्रभूने त्याच्याशी वाऱ्याविषयी बोलून आत्म्याचे रहस्य उलगडले. वारा कोणाच्या आज्ञेत नाही. तो आणणे आपल्या हाती नाही, त्यामुळे त्याचा अभिमानही आपण धरू नये. परंतु कित्येकदा आपण प्रार्थनेत आत्म्याचा वारा मागत राहतो, आणि वारा आधीच वाहत असतो. गंज आपल्या बेअरिंगमध्ये असतो. एकाशी अबोला, न फेडलेले देणे, बंद पडलेले कौटुंबिक भजन, हा तो गंज होय.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, येत्या रविवारी मुलांना यहोयादाच्या पेटीची गोष्ट सांगावी. मग त्यांना घेऊन मंदिराभोवती एक फेरी मारावी आणि मोडलेले काय काय दिसते ते मुलांनाच सांगू द्यावे. त्यांचे डोळे अजून भेगांना सरावलेले नाहीत. जे त्यांना दिसेल, त्यातले एक काम पावसाआधी मोठ्यांनी पुरे करावे.

प्रभो, तुझा वारा तू थांबवला नाहीस. आम्हांला विश्वासू हात दे, म्हणजे आमच्या घरातला दिवा विझणार नाही. आमेन.